सुन सिमियाओ : औषधाचे कुलूप काढणारा वैद्य

चीनच्या शान्शी प्रांतात, याओझोऊ भागात एक डोंगर आहे. लोक त्याला याओवांगशान म्हणतात, म्हणजे औषधराजाचा डोंगर. डोंगरावर देऊळ आहे, धूप जळतो, जत्रा भरते. ज्याची पूजा होते तो मात्र कुणी देव नव्हता. तो सातव्या शतकातला एक वैद्य होता, सुन सिमियाओ नावाचा. देवळाचे आम्ही बाजूला ठेवतो. माणसाला मखरात बसवले की त्याचे काम विसरणे सोपे जाते, हे आपल्या चळवळीला कुणी वेगळे सांगायला नको. इथे बोलायचे आहे ते त्याच्या कामाबद्दल.

सातव्या शतकातला चीन म्हटला की आपल्या धम्मवर्गांत एकच नाव निघते, ह्युएन त्संग. ते योग्यच आहे. पण ह्युएन त्संग भारतातून ग्रंथ घेऊन 645 साली चांगआनला परतला, तेव्हा त्याच राजधानीच्या परिसरात हा वैद्यही काम करत होता आणि एक ग्रंथ रचत होता. रोग्याची जात, पत, देश काहीही न विचारता उपचार करावा, असे त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच लिहिलेले आहे. धम्माशी त्याचे नाते काय होते, ते पुढे येईलच.

आधी चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण सुन सिमियाओचे वेगळेपण त्याशिवाय कळत नाही. या वैद्यकाचा सर्वांत मानाचा ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’. त्यात पीतसम्राट नावाचा पुराणकाळातला राजा आपल्या मंत्र्याला प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तरे देतो. प्रत्यक्षात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपास अनेक हातांनी लिहिलेले तुकडे एकत्र येऊन तो तयार झाला. दुसरा मोठा ग्रंथ औषधींचा, ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’. त्यात 365 औषधी आहेत आणि नाव आहे शेननोंगचे, म्हणजे शेती शिकवणाऱ्या देवाचे. 1973 साली मावांगदुई इथल्या एका थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. ते थडगे इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेले. त्यात 52 रोगांवरच्या उपायांचा एक संग्रह आहे. त्यावर ना राजाचे नाव, ना देवाचे. कुणीतरी करून पाहिलेले, ऐकलेले उपाय लिहून ठेवलेले आहेत, त्यात मंत्रतंत्रही आहेत.

म्हणजे आधी लोकांचे ज्ञान होते, राजाचे आणि देवाचे नाव नंतर चिकटले. ग्रंथ देवाने सांगितला म्हटले की त्यावर प्रश्न विचारता येत नाही आणि तो कुणाच्या ताब्यात राहावा हेही ठरवता येते. हा डाव आपल्या देशात किती शतके चालला, ते वाचकांना माहीत आहे.

या रांगेत स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या दुःखाने लिहिलेला एक ग्रंथ आहे. इसवी सन 200 च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने थंडीतून येणाऱ्या तापांवर तो लिहिला. त्याच्या कुळात दोनशेहून जास्त माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यातली दोन-तृतीयांश गेली आणि गेलेल्यांपैकी दहातली सात या तापाने गेली. हे त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे. पुढे युद्धांच्या धामधुमीत हा ग्रंथ विखुरला. वांग शुहे नावाच्या वैद्याने तिसऱ्या शतकात त्याची पाने गोळा केली. तरीही तो सगळ्यांपर्यंत पोचला नाही. तीन-चारशे वर्षांनी सुन सिमियाओने तक्रार नोंदवली ती हीच: यांगत्सी नदीच्या दक्षिणेकडचे वैद्य झांग झोंगजिंगचे उपाय लपवून ठेवतात, बाहेर जाऊ देत नाहीत.

सुन सिमियाओ चांगआनच्या उत्तरेला हुआयुआन इथला. परंपरेने जन्मसाल 581 मानले जाते. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत, काही जण ते बरेच मागे नेतात. लहानपणी तो सतत आजारी असे. औषधपाण्यात घरची पुंजी संपली, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. आजारपणात घर कसे बसते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पोरगा मात्र हुशार. विशीत आला तोवर लाओत्सी, च्वांगत्सी आणि बौद्ध ग्रंथ यांवर तो चर्चा करू लागला होता. त्याच वयात शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या रोग्यांवर उपचारही सुरू झाले होते. कुठे कुणाकडे एखादा चांगला उपाय आहे असे कळले की तो कितीही दूर असो, हा शिकायला जाई.

दरबाराचे थोडक्यात सांगतो. सुई घराण्याच्या सम्राटाने बोलावले, तो गेला नाही. तांग सम्राट ताइझोंगने चांगआनला बोलावून पद देऊ केले, त्याने घेतले नाही. 659 साली गाओझोंगने पुन्हा मोठे पद देऊ केले, तेही नाकारले. दरबारी इतिहासात या नकारांचे फार कौतुक आहे. आम्हाला त्यापेक्षा तो नकारानंतर काय करत होता, हे जास्त महत्त्वाचे वाटते. तो डोंगरात औषधी गोळा करत होता, रोगी पाहत होता आणि लिहीत होता.

652 च्या सुमारास त्याचा पहिला ग्रंथ पूर्ण झाला, ‘चियानजिन याओफांग’. माणसाचा जीव हजार मोहरांहून मोलाचा आहे, या विचारावरून हे नाव आले. तीस भाग, पाच हजारांहून जास्त उपाय. जुने ग्रंथ इतके पसरट आहेत की घरात कुणी अचानक आजारी पडले तर उपाय सापडेपर्यंत रोग हाताबाहेर जातो, अशी त्याची अडचण होती. म्हणून त्याने सगळे चाळून, निवडून, रोगानुसार लावून ठेवले.

आणि क्रम कसा लावला? आधी बायकांचे आजार, मग मुलांचे, नंतर बाकी सगळे. पहिल्या सर्वसाधारण भागानंतर लगेच तीन भाग स्त्रियांवर, त्यानंतर एक मुलांवर. बाळंतपणाचे हे तीन भाग घरातल्या मुलांना आणि मुलींनाही शिकवावेत, असे तो लिहितो. इतकेच नाही, लेकरे सांभाळणाऱ्या दायांनीसुद्धा ते शिकावेत, एक प्रत लिहून घेऊन जवळ बाळगावी. बाईच्या हातात पोथी द्या, असे सांगणारा हा सातव्या शतकातला पुरुष आहे. अर्थात त्याला आजच्या मापाने मोजू नये. बायकांच्या भावना जास्त तीव्र म्हणून त्यांचे आजार बरे व्हायला कठीण, असलेही त्यात आहे. पण दाईच्या कमरेला वैद्यकाची प्रत असावी, हा विचार त्यामुळे लहान होत नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीला मोठ्या वैद्याने काय शिकावे आणि कसे वागावे यावर दोन लहान प्रकरणे आहेत. पहिल्यात वाचायच्या ग्रंथांची यादी आहे. वैद्यकाचे ग्रंथ आहेतच, शिवाय इतिहास, कन्फ्युशियसचे ग्रंथ, लाओत्सी आणि बौद्ध ग्रंथही आहेत. बौद्ध ग्रंथ का वाचायचे याचे कारण त्याने नेमके दिले आहे: ते वाचल्याशिवाय मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे गुण कळत नाहीत. आपण वंदनेच्या वर्गात ज्या चार ब्रह्मविहारांची नावे घेतो, ती इथे वैद्याच्या अभ्यासक्रमात आहेत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सुन सिमियाओ मुख्यतः ताओपंथी होता. त्याला बौद्ध ठरवून आपल्या यादीत बसवायची गरज नाही. त्याने तथागताच्या धम्मातून काय उचलले, ते पुरेसे बोलके आहे.

दुसऱ्या प्रकरणात वागणूक आहे. रोगी समोर आला की वैद्याने तो उच्च कुळातला की हीन, श्रीमंत की गरीब, म्हातारा की तरुण, देखणा की कुरूप, मित्र की वैरी, चिनी की परदेशी, शहाणा की अडाणी, हे पाहू नये. सगळ्यांना जवळच्या नातलगासारखे मानावे. रात्र, थंडी, भूक, थकवा काही मनात न आणता जावे. जखमा सडलेल्या असोत, जुलाबाने अंग भरलेले असो, किळस येऊ देऊ नये, दया वाटावी. श्रीमंताच्या घरी गेल्यावर रेशमी पडद्यांकडे पाहत बसू नये, आणि रोगी तळमळत असताना तिथल्या मेजवानीत रमू नये. आणखी एक, रोगी पैसेवाला आहे म्हणून महागडी औषधे लिहून देऊ नयेत. आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांना हे शेवटचे वाक्य ऐकवले, तर त्या हसतील.

जुलाबाने भरलेल्या रोग्याची गोष्ट आपल्याकडेही आहे. विनयातील महावग्गात अशाच अवस्थेत पडलेला एक भिक्खू आहे. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, त्याला स्वतः धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. तिकडे सुन सिमियाओ वैद्याकडून नेमके हेच मागतो.

उच्च-हीन पाहू नये हे शब्द हवेतले नव्हते. तांग चीनमध्ये चांगले लोक आणि हीन लोक असे कायद्यानेच दोन वर्ग होते. गुलाम हीन वर्गात येत. 653 साली, म्हणजे त्याच्या ग्रंथानंतर वर्षभरात, तांग घराण्याची मोठी कायदासंहिता निघाली. तिच्यात एकाच गुन्ह्याला दोन वर्गांसाठी वेगवेगळी शिक्षा होती. राज्य माणसांची प्रतवारी कागदावर पक्की करत होते, त्याच काळात हा वैद्य रोग्याच्या उशाशी ती प्रतवारी पुसायला सांगत होता.

आणि आपल्याकडे? त्याच सुमारास, 646 साली, ह्युएन त्संगचे प्रवासवर्णन तयार झाले. खाटीक, कोळी, फाशी देणारे, मैला उचलणारे यांची घरे गावाबाहेर असतात आणि त्यांना रस्त्याच्या कडेने चालावे लागते, हे त्याने भारतात पाहून लिहिले. मनुस्मृती तर वैद्याच्या हातचे अन्नही निषिद्ध ठरवते आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवते. जो सगळ्यांना शिवतो तो अपवित्र, हे गणित. रोग्याला शिवणे हाच ज्याचा धर्म, त्या वैद्याची आपल्या देशातल्या धर्मशास्त्राने लावलेली किंमत ही.

सुन सिमियाओच्या ग्रंथात दोन बारीक गोष्टी आहेत, त्या आम्हाला फार आवडतात. लघवी तुंबलेल्या रोग्यासाठी त्याने कांद्याच्या पातीची पोकळ नळी वापरायला सांगितली आहे. टोक कापायचे, नळी आत सरकवायची, हलकेच फुंकायचे. महागडे काही नाही, कुणाच्याही परसात सापडेल अशी पात. दुसरी गोष्ट सुया आणि डाग देण्याच्या जागांची. नकाशावर नसलेली जागा कशी शोधायची? दाबत जायचे आणि रोगी हो, इथेच असे म्हणाला की तीच जागा. अशा जागांना त्याने नावच ‘आशी’ असे ठेवले, म्हणजे आह, हेच. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा रोगी काय म्हणतो याला इथे मान आहे.

गलगंडावर त्याने समुद्री शेवाळ आणि मेंढ्याच्या गळ्यातली ग्रंथी दिली. रातांधळेपणावर यकृत खायला सांगितले. यातली आयोडिनची आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कारणे शेकडो वर्षांनी कळली.

पण प्राण्यांबद्दल त्याचे मत स्पष्ट होते. जीव वाचवायला दुसरा जीव घेणे म्हणजे जीवनापासून दूर जाणे. म्हणून औषधासाठी जिवंत प्राणी मारू नये. आधीच मेलेला, बाजारात विकायला आलेला असेल तर वेगळी गोष्ट. अंड्याबद्दलही त्याला खटकत होते, अगदीच निकड असेल तरच ते वापरावे असे त्याने म्हटले. ही पाणातिपाताची विरती आहे, वैद्यकाच्या भाषेत.

आता कुष्ठरोग. त्याच्या आयुष्यातला हा भाग आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. सुन सिमियाओने सहाशेहून अधिक कुष्ठरोगी स्वतःच्या हाताने हाताळले. तांग ताइझोंगच्या काळात त्याने एका रोग्याला बरोबर घेऊन डोंगरात नेले. शंभर दिवस त्याला चिडाच्या झाडाची राळ खायला दिली. त्याच्या भुवया आणि दाढीचे केस परत आले, असे त्याने नोंदवले. रोगी घेऊन डोंगरात जाणे म्हणजे त्याच्याबरोबर राहणे, खाणे, झोपणे. आजही वस्त्यांमध्ये अंगावरचा पांढरा डाग लोक शर्टाच्या बाहीखाली झाकतात, सोयरीक मोडेल म्हणून. तेराशे वर्षांपूर्वी त्या डागाची दहशत किती असेल, याची कल्पना करा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या सहाशेंमधले किती बरे झाले? त्याने लिहिले, दहात एक. म्हणजे दहातले नऊ बरे झाले नाहीत, आणि हे त्याने स्वतःच्या ग्रंथात, स्वतःच्या नावाने लिहून ठेवले. देवाने सांगितलेल्या ग्रंथात असे वाक्य येऊच शकत नाही. तिथे उपाय लागू पडला नाही तर चूक रोग्याची, त्याच्या कर्माची, नाहीतर विधी नीट केला नाही याची. कुणाला हे साधे वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. गुण येणारच असे छापून बाटल्या विकणारे आजही गल्लोगल्ली आहेत.

त्याचा एक प्रसिद्ध रोगीही बरा झाला नाही. लू झाओलिन हा तांग काळातला नामवंत कवी. त्याला हातपाय निकामी करणारा असाध्य आजार होता. 673 साली तो चांगआनमध्ये सुन सिमियाओजवळ राहत होता, त्याला गुरू मानून. ते राहत होते तो वाडा पूर्वी एका राजकन्येचा होता. अंगणात एक रोगट नाशपातीचे झाड होते आणि लू झाओलिनने त्या झाडावरच रचना केली. सुन सिमियाओबद्दल आज जे कळते त्यातले बरेच या रोग्याने लिहिले म्हणून कळते. पुढे आजार वाढत गेला आणि लू झाओलिनने यिंग नदीत उडी घेतली. औषधराजाच्या देवळात ही गोष्ट सहसा सांगितली जात नसावी.

आयुष्याच्या शेवटी, परंपरेनुसार शंभरीच्या आसपास, त्याने दुसरा ग्रंथ पुरा केला, ‘चियानजिन यीफांग’. पहिल्याची ही पुरवणी. इथे दोन गोष्टी घडल्या. दक्षिणेकडच्या वैद्यांनी लपवलेला झांग झोंगजिंगचा तापावरचा ग्रंथ त्याला अखेर मिळाला होता. तो त्याने या पुरवणीत उतरवून ठेवला, दोन भाग भरून. तीस वर्षांपूर्वी ज्याची तक्रार केली, ते कुलूप त्याने म्हातारपणी स्वतः काढले.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. या ग्रंथात भारतातल्या एका महान वैद्याचे नाव घेऊन सांगितले आहे की जगात औषध नसलेली एकही वस्तू नाही. तो वैद्य म्हणजे जीवक. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले, गणिकेच्या पोटी जन्मलेले मूल. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला सांगितले, आसपास योजनभर फिर आणि जे औषध नाही असे झाड घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला. परीक्षा पास झाली. पुढे तो तथागतांचा आणि संघाचा वैद्य झाला. त्याच्या कथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेल्या आणि उकिरड्यावरच्या त्या पोराचे नाव तांग काळातल्या वैद्यक ग्रंथात मानाने बसले. पहिल्या ग्रंथात अंग चोळण्याचे आणि व्यायामाचे अठरा प्रकारही भारताच्या नावाने आहेत. गंमत म्हणजे त्यांना ब्राह्मणांची पद्धत म्हटले आहे. त्या काळी चीनमध्ये भारताला ब्राह्मणांचा देश म्हणत, त्यामुळे इकडून गेलेल्या कुठल्याही गोष्टीवर तेच लेबल लागे. श्रेय कुणाच्या खात्यात जमा होते, हा प्रश्न परदेशातही सुटलेला नव्हता.

त्याचे सगळेच घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. ‘यीफांग’च्या शेवटच्या दोन भागांत रोग पळवण्याचे मंत्र भरलेले आहेत. ताओपंथी रसायनविद्येचाही त्याला नाद होता. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या वाचकाने हे भाग उघड्या डोळ्यांनी वाचून बाजूला ठेवावेत. कांद्याची पात आणि दहात एक हा हिशेब मात्र जवळ ठेवावा.

674 मध्ये त्याने आजारपणाचे कारण देऊन राजधानी सोडली. 682 साली त्याचा मृत्यू झाला. दफन साधे करावे, थडग्यात वस्तू पुरू नयेत आणि श्राद्धाला प्राणी कापू नये, असे तो सांगून गेला होता.

त्याचे ग्रंथ हाताने उतरवले जात राहिले. 1066 साली सोंग सरकारने नेमलेल्या लिन यी आणि इतर विद्वानांनी ‘याओफांग’ तपासून छापला. तो जपानातही पोचला, तिथे जपून ठेवलेली सोंग काळातली प्रत 1849 मध्ये पुन्हा छापली गेली. पण छापील पुस्तक विकत घ्यायला पैसे लागतात. म्हणून पुढे लोकांनी त्याच्या उपायांतले निवडक उपाय दगडावर कोरून उघड्यावर उभे केले. ज्याच्याकडे पुस्तक नाही त्याने यावे, वाचावे, उतरवून न्यावे. याओवांगशानवर तसे कोरीव दगड आजही आहेत.